सांध्यावरचं कुंकू

अक्का, तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी नेहमीसारखा सुरू झालो. फॅक्टरी इन्स्पेक्टरचा किस्सा. तू त्याला दारातच अडवलंस, डोक्यावर हेल्मेट बसवलंस, डोळ्यांवर गॉगल चढवलास, पायांत बूट कोंबलेस, आणि एवढा साज चढल्यावर त्या बिचाऱ्याला दिसेना की चालवेना, म्हणून आम्ही चौघांनी त्याला खांद्यावर घेऊन कारखानाभर फिरवला, उत्सवमूर्ती फिरवतात तसा. पुढे नादस्वरम् तेवढं नव्हतं. पंगत खदखदली. वाढपी हसायला थांबला आणि भटजींच्या रसमात पायसम पडलं.

खरं तेवढंच होतं, की तो चपला घालून आला होता आणि तू म्हणालीस, "खाली पितळेचा कीस असतो. हे बूट घाला." बूट दोन नंबर मोठे होते. तो फटक फटक करत फिरला आणि जाताना तुला नमस्कार करून गेला.

पंगतीच्या टोकाला आपल्या भांडारातला मुरुगेशन बसला होता. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी भात कालवत तोही हसत होता. तुझं नाव काढून म्हणाला, "नर्सम्मा असत्या तर म्हणाल्या असत्या, मुदलाळी, यातलं निम्मं काढा आणि मग बोला." लोक आणखी हसले. मी पुढचा किस्सा सांगितलाच नाही. सगळ्यांना वाटलं, मुदलाळीला, म्हणजे मालकाला, बहिणीच्या आठवणीनं भरून आलं.

आठवण आली होतीच. पण मुरुगेशनच्या बोटांबद्दल एक गोष्ट मी चार वर्षं तुला सांगितली नव्हती, आणि आता तू असं ठिकाण गाठलं आहेस जिथून "रघू, खोटं बोलूं नको" असं तुला म्हणता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

तू कारखान्यात पहिल्यांदा आलीस तो दिवस मी निरनिराळ्या पद्धतींनी सांगत आलोय. एका पद्धतीत तुला पाहून भट्टी आपोआप विझते. खरं असं, की तू इस्पितळातून निवृत्त होऊन आठवडा झाला होता आणि घरी बसून तुझं डोकं फिरायला लागलं होतं. ऑपरेशन थिएटरात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईनं वांग्याच्या फोडी तरी किती एकसारख्या कापायच्या? माझा डबा घरी राहिला, तो घेऊन तू आलीस. दारात उभी राहिलीस आणि पाच मिनिटं काही बोलली नाहीस. आपल्या घराण्यात बाई पाच मिनिटं गप्प राहिली की पुरुषांनी चपला शोधाव्यात, एवढं मला कळतं.

"रघू," तू म्हणालीस, "हें बाहेर जायचं दार कुठं आहे?"

"हे काय, इथंच."

"समयांच्या मागें?"

दोनशे समया रचल्या होत्या दारात. कुत्तुविळक्कु म्हणून सगळा तामिळ मुलूख ज्या विकत घेतो त्या, चार-चार फुटांच्या. मी म्हणालो, आग लागली तर माणूस समया ओलांडून जाईल की, दिव्यांनी माणसाची वाट अडवली असं कधी झालंय का? तुला हसू आलं नाही. मग तू आगीच्या बादलीत डोकावलीस. लाल रंगाची, वाळू भरायची बादली. तिच्यात उकडलेले शेंगदाणे होते. कोपऱ्यात गोटी सोड्याची बाटली होती, तिच्यात पितळ धुवायचं ॲसिड. कपाटात काचेमागे बारा गॉगल रांगेनं मांडले होते. ते इन्स्पेक्टरांसाठी होते. इन्स्पेक्टर आले की बाहेर काढायचे, गेले की पुसून परत ठेवायचे, इथं नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांसारखे. आणि पॉलिशच्या खोलीत सहा माणसं सहा मशिनांसमोर वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, सोगा खोचून उभी, चाक मिनिटाला हजारो फेरे घेतंय, आणि एकाही चाकावर गार्ड, म्हणजे हात वाचवायचं पत्र्याचं झाकण, नाही. गार्ड होते. भिंतीला टांगलेले. एकात चिमणीनं घर केलं होतं. इथं मी पिल्लं पण सांगतो, पण पिल्लं नव्हती.

"कुणी काढले?"

"कामगारांनी. त्यांना अडचण होते. मी किती वेळा सांगतो, ऐकतच नाहीत. निष्काळजी लोक आहेत, अक्का."

तू डबा माझ्या हातात दिलास. "छत्तीस वर्षं मी हे हात टेबलावर पाहिले," तू म्हणालीस. "धुतले, धरले, टाके घालताना डॉक्टरांना दोरा दिला. दर वेळी बाहेर बाकावर मुदलाळी बसलेला असे. आणि दर वेळी तो हेंच बोले. निष्काळजी लोक आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तू हजर. पदर खोचलेला, हातात वही. तुला कुणी नेमलं नव्हतं. मी तुला कधी काढलंही नाही, कारण आपल्या अक्काला नोकरीवरून काढणारा माणूस अजून कुंभकोणमात जन्मायचाय.

त्या पहिल्या सहा महिन्यांत तू जे केलंस ते मी गावभर असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं रणरागिणी घोड्यावरून आली. घोडा नव्हता. वही होती. दारातल्या समया हलल्या आणि जमिनीवर पिवळा पट्टा आला. त्यात कुणी पिशवी ठेवली तरी तू ती उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवायचीस, ज्याची त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. ॲसिड जाड डब्यात गेलं आणि डब्यावर तू कवटी काढलीस. ती कवटी इतकी आपल्या आत्याबाईंसारखी झाली की मी डब्याला नमस्कार करायचो. बादलीत वाळू आली. शेंगदाण्यांना स्वतंत्र डबा मिळाला. पहिल्यांदा पॅंट घालून आलेला मुरुगेशन तासभर मशिनाच्या मागून बाहेरच आला नाही, आणि तू त्याला म्हणालीस, "लाजतोस काय? वेष्टी चाकात गेली असती तर त्याहून जास्त दिसलं असतं." खोली हसून हसून बसली. दुसऱ्या दिवशी सहाही जण पॅंटमध्ये.

गॉगल विकायला पुण्याहून एक सेल्समन आला होता, आठवतं? तू त्याच्याशी मराठीत बोलायला लागलीस. "हें कांच फुटेल कीं तग धरील, तें पुसत्यें मी." तो उभा राहिला हात जोडून. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, बाई नाटकात काम करतात का?" मी म्हणालो, नाही हो, आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारी आले तेव्हा जी मराठी बरोबर आणली तीच अजून वापरतो, नवी घ्यायला परत गेलोच नाही. त्यानं तुला एक गॉगल फुकट दिला. तू तो हातोड्यानं फोडून पाहिलास आणि मगच बाकीचे घेतलेस.

पण गार्ड काही टिकेनात.

तू सकाळी बसवायचीस, दुपारी ते भिंतीवर. तू ओरडलीस. तू समजावलंस. इस्पितळातल्या हातांच्या हकिकती सांगितल्यास. तुला गोष्ट सांगता येत नव्हती अक्का, तू फक्त कुठलं बोट आणि किती टाके एवढं सांगायचीस, आणि तरी एकजण उठून बाहेर जाऊन ओकला. संध्याकाळी त्याच्याही मशिनाचा गार्ड भिंतीवर. मुरुगेशन सगळ्यांत जुना, सगळ्यांत कसबी; तो म्हणाला, "नर्सम्मा, बावीस वर्षं असंच करतोय. गार्ड असला की समईच्या गळ्याची वळणं नीट चाकाला लागत नाहीत. नग कमी होतात. नग कमी झाले की मुदलाळी विचारतात."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी छताकडे पाहिलं. मी विचारायचो, खरंच. रोज विचारायचो.

त्या दिवसापासून नग विचारणं बंद झालं, तू करवलंस म्हणून. तरी सवय जाईना. आणि मग आयुधपूजा आली.

आपल्याकडे त्या दिवशी मशीन चालत नाही. धुवायचं, पुसायचं, गंध लावायचं, कुंकवाचं बोट लावायचं, पोट्टु म्हणतात इथं, आणि हात जोडायचे. कुंकू लागल्याशिवाय दुसऱ्या दिवशी एकही माणूस स्विच दाबत नाही. मी स्वतः सांगितलं तरी नाही, देव येऊन म्हणाला तरी नाही. दर वर्षी कुंकू मुरुगेशन लावायचा, थेट मोटरीच्या कपाळावर. त्या वर्षी तू करंडा हातात घेतलास.

भावोजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. तुझं कपाळ मोकळं.

"नर्सम्मा," मुरुगेशन हळूच म्हणाला, "तुम्ही... राग मानू नका, पण तुम्ही कुंकू..."

"विधवेनं लावलेलं कुंकू मशिनाला चालत नाही?"

तो मोटर पुन्हा पुसायला लागला.

"बरं," तू म्हणालीस. "तुझ्या बायकोचं कुंकू तुला प्यारं आहे ना? मग मी लावत्यें तें बघ कुठं लावत्यें."

आणि तू सहाही गार्ड मशिनांवर बसवलेस, चार-चार स्क्रू आवळलेस, कुंकू तिळाच्या तेलात कालवलंस आणि करंगळीनं ठिपका दिलास. मोटरीवर नाही. गार्डवर नाही. दोन्हींच्या मधल्या सांध्यावर. अर्धा ठिपका गार्डवर, अर्धा मशिनावर.

कुणाला काही कळायच्या आत तू म्हणालीस, "आतां काढा गार्ड. गार्ड काढला की ठिपका फुटेल. मशीन बिनकुंकवाचं होईल. मग चालवायचं असेल तो चालवेल."

अक्का, मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. माशानं माझी सायकल गिळली असंही सांगितलंय. पण त्या खोलीत पुढच्या दोन वर्षांत एकही गार्ड निघाला नाही, ही माझ्या आयुष्यातली एकमेव अशक्य गोष्ट जी खरी आहे. फक्त शुक्रवारी, सफाईला, तुझ्यासमोर स्क्रू निघायचे, तुझ्यासमोर बसायचे, आणि नवा ठिपका पडायचा. रोज सकाळी तू सहा ठिपक्यांवरून नजर फिरवून वहीत खूण करायचीस. सगळ्यांत पक्का भक्त झाला मुरुगेशन. ठिपका पाहायचा, दोन बोटं डोळ्यांना लावायची, स्विच दाबायचा. स्क्रू तो मोजत नसे. कशाला मोजेल?

आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. मी म्हणायचो, बघ, धाकाशिवाय हे लोक सुधारत नाहीत. तू म्हणायचीस, "धाक नाही रे. त्यांना नियम आपला वाटला. आतां तूं तेवढा राहिलास." मी विचारायचो, मी कशात राहिलो? तू म्हणायचीस, "मालकाला घाई झाली की काय होतं, तें पाहायचं राहिलं." दर वेळी मी काहीतरी फर्मास उत्तर द्यायचो आणि दर वेळी तू भांडी लावायला उठायचीस. तो वाद संपलाच नाही. म्हणजे, एका शनिवारी संपला, पण तुला ते सांगितलं नाही.

एका देवळाच्या कुंभाभिषेकासाठी मोठी समई हवी होती, सहा फुटी. तिची खालची बैठक गार्डखाली जाईना. ट्रक सोमवारी येणार. तू शुक्रवारच्या सफाईनंतर गोविंदपुरमला भजनाला गेली होतीस, रविवारी रात्री यायची होतीस. देवळाच्या लोकांना सांगायला हवं होतं, दोन दिवस उशीर होईल. एक फोन, बस. पण ते लोक येऊन बसले होते, मी त्यांना सांगून चुकलो होतो की कुंभकोणमात एवढी समई एवढ्या दिवसांत करणारा एकच माणूस आहे आणि तो तुमच्यासमोर बसलाय.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी मुरुगेशनच्या मशिनाचा गार्ड काढला. दारही लावून घेतलं. बैठक स्वतः घासली, झकास चमकवली, एका ओरखड्याशिवाय. मग गार्ड परत लावायला गेलो तर दोन स्क्रू सापडेनात. कापसाच्या चोथ्यात पडले असावेत. बाहेर पावलं वाजायला लागली. मी दोन स्क्रूंवर गार्ड अडकवला, म्हटलं, सोमवारी सकाळी बघू. आणि देवीच्या फोटोपुढचा करंडा घेतला, तुझ्यासारखंच तेल घातलं, आणि सांध्यावर ठिपका दिला.

सोमवारी सकाळी मी ट्रकबरोबर होतो.

तू आलीस, ठिपके पाहिलेस, खूण केलीस. मुरुगेशननं ठिपका पाहिला, बोटं डोळ्यांना लावली, स्विच दाबला. साडेअकराला दोन स्क्रू हलून हलून निघाले, गार्ड चाकावर झुकला, हातातली समई फिरली, आणि हात गार्ड आणि चाकाच्या मधे ओढला गेला.

मी परत आलो तेव्हा तू जमिनीवर बसली होतीस, त्याचा हात वर धरून, स्वच्छ पंचा दाबून. तुझा आवाज चढला नव्हता. एकाला वीज तोडायला लावलीस, एकाला रिक्षा आणायला, एकाला बोटं ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायला आणि ती पिशवी बर्फावर ठेवायला. बर्फात नाही, बर्फावर. हे तू तीनदा सांगितलंस. तरी बोटं परत जोडता आली नाहीत. पण हात राहिला. डॉक्टर म्हणाले, हात राहिला तो या बाईंमुळे.

इस्पितळाच्या बाकावर मी बसलो होतो, अक्का. तू सांगितलेला तोच बाक.

मुरुगेशनचा म्हातारा बाप आला, साक्कोट्टैहून. भट्टीवर चाळीस वर्षं काढलेला ओतारी, कान गेलेले, दहाही बोटं शाबूत. लोक म्हणत होते, स्क्रू दोनच होते म्हणे, कुणी काढले? सगळे माझ्याकडे बघत होते, कारण गोष्ट सांगायची झाली की सगळे माझ्याकडेच बघतात. आणि मी सांगितली. म्हणालो, शुक्रवारी सफाईला घाई झाली असेल, दोनच आवळले असतील, बाकीचे नंतर म्हणून राहिले असतील, माणूस आहे, होतं असं. किती सहज सांगितली! एक शब्द जास्त नाही, एक हातवारा नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत बेतशीर गोष्ट. इतकी बेतशीर, की आठ दिवसांनी शुद्धीत नीट बोलायला लागलेला मुरुगेशन स्वतःच म्हणाला, "मीच विसरलो असेन, मुदलाळी. शुक्रवारी घरी पाहुणे होते."

तू शुक्रवारी तिथं उभी होतीस. चार स्क्रू आवळलेले तू पाहिले होतेस. "मी पाहिले होते" असं तू म्हणालीसही. पण लोक म्हणाले, नर्सम्माला वाईट वाटतंय, त्याला सांभाळून घेतायत. त्याचा बाप म्हणाला, "मुलाची चूक आहे, बाई. माझी दहा बोटं बघा."

अपघाताच्या संध्याकाळी तू तो वाकलेला गार्ड घरी आणलास. सांध्यावरचा अर्धा ठिपका अजून होता. तू आपली करंगळी त्याच्या शेजारी धरलीस.

"माझं बोट एवढं जाड नाहीं, रघू."

मी म्हणालो, "उन्हानं तेल पसरतं, अक्का."

तू अपघाताचा सरकारी फॉर्म पुढे केलास. बाकी सगळं तुझ्या अक्षरात भरलेलं होतं. कारणाची रेघ कोरी. "हें तूं लिही." मी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तू वाचलंस, घडी घातलीस, आणि भाताला फोडणी द्यायला गेलीस.

त्यानंतर चार वर्षं तू एक अक्षर काढलं नाहीस. मुरुगेशनला तीन बोटांनी पेन धरायला शिकवलंस, भांडारावर बसवायला लावलंस, त्याच्या ड्रेसिंगला महिनाभर साक्कोट्टैला जात राहिलीस. ठिपक्यांबरोबर रोज सकाळी स्क्रूही मोजायला लागलीस. मोठ्या समयांसाठी मोठा गार्ड करून घेतलास. माझ्याशी हसलीस, भांडलीस, माझ्या थापांना "निम्मं काढ" म्हणालीस. मला वाटलं, सुटलो. मग वाटलं, हिला माहीत नाही. मग वाटलं, हिला माहीत आहे आणि ही वाट बघतेय. शेवटच्या महिन्यात, बिछान्यावर, तू मला विचारायचीस, "आणखीं कांही सांगायचंय?" आणि मी तुला देवळाच्या हत्तिणीची गोष्ट सांगायचो, तिनं माझ्या खिशातून कशी तुझ्या पेन्शनीची कागदपत्रं काढून खाल्ली ती. तू ऐकून घ्यायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आणखीं कांही?"

अक्का, मी तुझ्यावर रागावलोयही. हे पण लिहून टाकतो. तू का नाही बोललीस? चारचौघांत माझा कान धरायचास. लहानपणी धरायचीस तसा, सोलवटेपर्यंत. मी तुझा भाऊ म्हणून तू गप्प राहिलीस, आणि मुरुगेशन त्याच्या घरी रोज बापाची दहा बोटं मोजत राहिला. तू वाट बघत होतीस मी बोलेन म्हणून, पण वाट बघण्याचं भाडं भरत होता तो. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. भांडी लावायला उठली असतीस.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी भांडारात गेलो. मुरुगेशन नवीन स्क्रूंचे पुडे फळीवर लावत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. शनिवार, गार्ड, दोन स्क्रू, ठिपका. पाच वाक्यं झाली असतील. मला पाच वाक्यांत संपलेली गोष्ट कधी सांगता आली नव्हती.

त्यानं हातातला पुडा ठेवला. "म्हणजे शुक्रवारी मी चार आवळले होते?"

"चार."

"नक्की?"

"नक्की. शनिवारी मी काढले तेव्हा चार होते."

तो पोत्यावर बसला. "मी तो शुक्रवार किती वेळा आठवला, मुदलाळी. पहिला स्क्रू आठवतो. दुसरा आठवतो. तिसऱ्याशी येऊन अडतं. पाहुणे आठवतात." मी म्हटलं, हातात काही असेल तर हाण मला. त्यानं नुसती मान हलवली. "घरी चला," म्हणाला. "हे माझ्या बायकोला सांगा."

त्याच्या मोपेडवर मागे बसून मी साक्कोट्टैला गेलो. त्याची बायको, सेल्वी, अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिला सांगितलं. ती पाखडायची थांबली नाही. सगळं संपल्यावर सूप खाली ठेवून म्हणाली, "कागदावर काय लिहिलंय?"

"निष्काळजीपणा."

"कुणाचा?"

"याचा. उद्या जाऊन बदलून येतो. माझ्या नावानं लिहून देतो, मग जे व्हायचं ते होऊ दे."

"बदलाल तेव्हा बदलाल," ती म्हणाली. "ओसरीवर मामंजी आहेत. त्यांना सांगा."

"त्यांना ऐकू..."

"म्हणून तर. मोठ्यानं सांगा."

म्हातारा ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. मुरुगेशननं त्याच्या कानाशी वाकून मी आल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मुदलाळी का? बसा. नर्सम्मा गेल्या, ऐकलं. चांगली बाई. माझ्या पोराची चूक अंगावर घ्यायला बघत होती."

मी त्याच्यासमोर बसलो आणि ओरडून सांगितलं. गार्ड मी काढला. स्क्रू मी हरवले. कुंकू मी लावलं. खोटं मी बोललो. तुमच्या मुलानं चारही स्क्रू लावले होते. पहिल्यांदा त्यानं हात कानामागे नेला, म्हणून दुसऱ्यांदा आणखी मोठ्यानं. समोरच्या घरातलं शिवणयंत्र थांबलं. दोन बायका दारात आल्या. एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. तुला ठाऊक आहे माझा आवाज. देवळाच्या गोपुरावरची कबुतरं उडाली असं मी एरवी लिहिलं असतं.

म्हातारा मुलाकडे वळला. मुरुगेशन अंगणात उभा होता, हात मागे न लपवता. बाप त्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पुन्हा सांगा."

त्याला ऐकू आलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. रस्त्यावर आता दहा-बारा माणसं होती.

मी उभा राहिलो, रस्त्याकडे तोंड केलं, आणि पुन्हा सांगितलं.